पुरेल ना एवढं?

आषाढातल्या एका ओल्या सकाळी दांडिया बाजारातून एक आजी आपल्या नऊ महिन्यांच्या नातवाला घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या. बरोबर सून होती, पण ती बाळाच्या रडण्याने इतकी हबकून गेली होती की बोलण्याचा सगळा भार आजींनीच उचलला होता. बाहेरच्या खिडकीशी त्या गुजरातीत बोलल्या. आत आल्यावर मी सुनेला "बाही जरा वर सरकवा" म्हटलेले कानावर पडताच त्या मराठीत आल्या आणि त्यांचा आवाज एक पायरी खाली उतरला. वडोदऱ्यात हे रोज घडते, तरी प्रत्येक वेळी मला ते घराचे दार उघडल्यासारखे वाटते. बाळाचा रंग मेणासारखा होता आणि नखे जवळजवळ पांढरी. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली उतरले होते. संध्याकाळी त्याला रक्त चढवायचे होते, आणि डॉक्टरांनी बजावले होते की जनुकांच्या तपासणीचा नमुना त्याआधीच घ्यावा. शीर सापडेना. दुसऱ्या प्रयत्नात सुईत जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त आले आणि थांबले. जांभळ्या झाकणाच्या नळीच्या तळाशी ते साचले तेव्हा आजींनी नळीकडे वाकून पाहिले आणि विचारले, "पुरेल ना हो एवढं?"

"पुरेल, आजी," मी म्हणाले. ते खरेच होते. पण मी ते फार पटकन म्हणाले, आणि त्यांची नजर नळीवरून माझ्या हातांवर आली तेव्हा मला ती झेपली नाही.

त्या शब्दाशी माझे जुने देणे आहे.

हिशेब सोपा आहे आणि इतक्या वर्षांत तो मी मनात असंख्य वेळा मांडला आहे. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, चाळीस ते पन्नास लाख तांबड्या पेशी असतात आणि पांढऱ्या केवळ 4 ते 11 हजार. तांबड्या पेशीला केंद्रक नसते. अस्थिमज्जेत घडत असताना ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते, तिथल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात, आणि हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू पोटात घेऊन ती 120 दिवसांच्या फेरीवर निघते. तिच्यात मायटोकाँड्रिया ही पेशीची ऊर्जाकेंद्रेसुद्धा उरत नाहीत, म्हणजे त्यांच्यातला आईकडून आलेला तो छोटा डीएनएही नाही. म्हणून ज्याला जनुके वाचायची आहेत त्याला पाचशे-हजार तांबड्यांच्या गर्दीतून एकेक पांढरी पेशी वेचून काढावी लागते. त्या बाळाला ज्याची शंका होती त्या थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत मला हे नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. आजार तांबड्या पेशीचा, फिकेपणा तिचा, वाढलेली प्लीहा तिच्या तुटण्यामुळे, पण तिच्यात काय चुकले आहे हे तिला विचारून कळत नाही, कारण तिने आपला कागद केव्हाच फेकून दिलेला असतो. ज्या पेशींना आयुष्यात कधी हिमोग्लोबिन बनवायचेच नसते, त्या पांढऱ्या पेशी मात्र अकराव्या गुणसूत्रावरच्या त्या हिमोग्लोबिनच्या जनुकाची प्रत शेवटपर्यंत जपून ठेवतात. या बाळासारख्या आजारी मुलांत आणखी एक गोष्ट दिसते. कमतरता भरून काढण्याच्या घाईत मज्जा अर्धवट घडलेल्या तांबड्या पेशीही बाहेर पाठवते, आणि काचपट्टीवर त्या आपले काळेभोर केंद्रक अजून पोटात घेऊन फिरताना दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहताना मला कधीही निव्वळ तपासणी करता आलेली नाही. निजेतून उठवून कामाला लावलेली पोरे दिसावीत तशा त्या दिसतात.

रक्त चढवण्याआधी नमुना का, याचेही कारण या पांढऱ्या पेशींतच आहे. दात्याच्या रक्ताबरोबर दात्याच्या पांढऱ्या पेशी येतात. गाळण्या लावून त्या पुष्कळ कमी करता येतात, तरी ज्याच्या अंगात परके रक्त नुकतेच गेले आहे त्याच्या नमुन्यात परकी अक्षरे मिसळण्याची शंका उरते. त्या सकाळी हातात असलेला अर्धा मिलिलिटर हा त्या बाळाचा पूर्ण स्वतःचा असा शेवटचा नमुना होता. सात किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते अर्धा लिटरच्या थोडे वर, दारात येणाऱ्या दुधाच्या एका पिशवीइतके. मी घेतले होते ते त्याचा हजारावा भाग.

आमच्या कामात लाल पेशी फोडण्यासाठी जो द्रव वापरतात त्याचे मुख्य द्रव्य अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. हे मला विद्यापीठात शिकताना प्रथम कळले त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितले होते, कारण आमच्या वाड्याच्या तोंडाशी दर दोन-तीन महिन्यांनी कल्हईवाला बसे आणि नवसागर हा शब्द मी त्याच्याच तोंडून शिकले होते. तो भाता चालवी, पातेले निखाऱ्यांवर फिरवी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने नवसागराची पूड आत फिरवताच भप्पकन पांढरा धूर उठे. त्या धुराचा वास नाकात झोंबत घशापर्यंत जाई, आम्ही पोरे खोकत मागे सरत असू आणि धूर विरल्यावर काळवंडलेल्या पातेल्यात चंद्र उतरल्यासारखी चकाकी दिसे. मळ निघून धातू उरतो, एवढेच तेव्हा कळत असे. प्रयोगशाळेतला नवसागर धूर काढत नाही. तो थंड पाण्यात विरघळलेला असतो, जोडीला थोडे बायकार्बोनेट, आणि त्याची किमया वेगळी आहे. तांबडी पेशी आपल्या पडद्यातून बायकार्बोनेट देते आणि क्लोराइड घेते. ही देवघेव ती अतिशय वेगाने करते आणि त्याच वेगामुळे आपल्या अंगातला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत वाहून नेला जातो. नवसागराच्या द्रवात तिचे हेच कौशल्य तिच्यावर उलटते. अमोनिया आत शिरतो, पाठोपाठ क्लोराइड येत राहते, आत मीठ साठते, मिठामागे पाणी येते, पेशी फुगते आणि फुटते. पांढऱ्या पेशीकडे देवघेवीची एवढी तत्पर यंत्रणा नसते, म्हणून ती काही मिनिटे तग धरते. काही मिनिटेच, विसरून गेलात तर तीही फुटते आणि नळीत चिकट तार उरते.

ते दृश्य मात्र कितीही वेळा पाहिले तरी शिळे होत नाही. रक्त अपारदर्शक असते. नळीमागे कागद धरला तर अक्षर दिसत नाही. थंड द्रव घालून नळी हलक्या हाताने उलटसुलट करत राहिले की आठ-दहा मिनिटांत एका क्षणी ते रक्त निवळते. रंग तोच, डाळिंबाच्या रसाचा, पण आता त्यातून आरपार दिसू लागते. मग सेंट्रिफ्यूज या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, थंडाव्यात, मंद गतीने दहा मिनिटे. नळी बाहेर काढली की तळाच्या एका कडेला बाजरीच्या दाण्याएवढा, कधी राजगिऱ्याएवढा, पांढरट गुलाबी ठिपका चिकटलेला असतो. तो पेलेट. माणसाची ओळख म्हणतात ती सगळी त्या ठिपक्यात, आणि वरचा तो सुंदर लाल द्रव टाकून द्यायचा.

बारा वर्षांपूर्वी मी एका ठिपक्यासकट तो द्रव टाकून दिला. तेव्हा मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत होते. बाळ आठ दिवसांचे होते, दोन किलोचे. त्याच्या अंगातले सगळे रक्त चहाच्या एका कपात मावले असते. स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची शंका होती. नमुना पाव मिलिलिटर आला होता, पण चांगला, गुठळी नसलेला. दुपारचे तीन वाजले होते, चौदा नळ्या रांगेत होत्या आणि मोठ्या माणसांच्या नमुन्यांची सवय हाताला लागलेली होती, म्हणजे नळी तिरपी करायची, द्रव ओतायचा, तोंड टिपकागदावर टेकवायचे. मी नळी तिरपी केली ती नेमकी पेलेट असलेल्या बाजूने. लाल द्रवाबरोबर काहीतरी फिकट सरकलेले डोळ्यांच्या कडेला दिसले आणि मला समजायच्या आत ते ब्लीचच्या भांड्यात गेलेले होते. मी भांड्यात पाहिले. हायपोक्लोराइटमध्ये रक्त तपकिरी होते, फेसाळते, त्यात काही शोधण्याची सोय नसते. तरी मी बराच वेळ पाहत उभी होते.

नोंदवहीत काय लिहायचे हे मी वरिष्ठांना विचारले. ते वाईट माणूस नव्हते. "नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा, असं लिहा," ते म्हणाले, "सगळीकडे तसंच लिहितात." मी तसे लिहिले. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत. तिसऱ्या दिवशी पादऱ्याहून एसटीने बाळाचे आईवडील पुन्हा आले. बाळाच्या हाताला पट्टी होती, दुसऱ्या हाताच्या शिरेला सुई लावली. आई मला म्हणाली, "आमच्यानंच कमी आलं का हो मागच्या वेळी?" बाळंतपणातून उठून आठवडा-दीड आठवडा झालेली ती बाई आपल्याकडूनच काही कमी पडले असे समजून आली होती, आणि मी मान हलवली. होकार नव्हता तो, नकारही नव्हता.

नमुना अपुरा नव्हता.

पाव मिलिलिटर रक्तात, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला आठ हजार धरल्या तरी, वीस लाख पेशी होत्या; नवजात बाळात त्या याहून जास्तच असतात. एका पेशीत सुमारे 6.6 पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे एकूण तेरा मायक्रोग्रॅम. एका तपासणीला लागतो 100 नॅनोग्रॅम, त्यातल्या एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. निम्मे वाटेत सांडले असते तरी साठ वेळा पुरले असते. वाया गेलेले नमुने मला जेवढे माहीत आहेत त्यांत रक्त खरोखर कमी होते असे क्वचितच निघते. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटली नाही म्हणून गुठळी झाली आणि पांढऱ्या पेशी तिच्यात अडकून गेल्या. घाईत हिरव्या झाकणाची नळी उचलली आणि तिच्यातल्या हेपारिनने पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवली. लाल रंग पुरता धुतला नाही आणि उरलेल्या हीम या रंगद्रव्याने तेच केले. हे सारे आमच्या बाजूचे आहे. पण कागदावर उणेपण लिहिले जाते ते ज्याच्या अंगातून रक्त आले त्याच्या नावावर, आणि मला ही आमच्या क्षेत्रातली सर्वांत वाईट सवय वाटते, कारण ती कोणी वाईट हेतूने करत नाही.

याच कामाचा आरंभ कसा झाला ते मी अनेकदा आठवते. 1869 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनमध्ये फ्रीडरिख मीशर हा पंचविशीतला स्विस डॉक्टर पांढऱ्या पेशींच्या मागे लागला होता. त्याची प्रयोगशाळा किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात होती. पेशी मिळवण्यासाठी तो जवळच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून जखमांवरून काढलेल्या, पुवाने माखलेल्या पट्ट्या आणवत असे. पू म्हणजे बव्हंशी पांढऱ्या पेशीच. त्या पट्ट्यांवरून पेशी न फुटता सुटाव्यात म्हणून त्याने एकामागून एक क्षारांचे द्रव वापरून पाहिले आणि शेवटी सोडियम सल्फेट त्याला लागू पडले. त्या पेशींच्या केंद्रकांतून त्याला फॉस्फरस असलेला एक अनोळखी पदार्थ मिळाला. त्याने त्याला न्यूक्लेइन म्हटले, आपण त्याला डीएनए म्हणतो. त्या स्वयंपाकघरातल्या मीशरची मला कल्पना करता येते, कारण उकिरड्यावर जायच्या वस्तूवर इतक्या आस्थेने वाकलेला माणूस मी लहानपणी पाहिला आहे. मांडवीच्या बाजूला सराफांच्या दुकानांसमोरची धूळ भल्या पहाटे झाडून नेणारे लोक असत. गुजरातीत त्यांना धूळधोया म्हणतात, माझे आजोबा त्यांना झारेकरी म्हणत. एकजण आमच्या ओळखीचा होता. तो ती धूळ परातीत घेऊन पाण्याने धूत बसे, परात मनगटातून अशी फिरवी की हलका कचरा काठावरून निघून जाई आणि जड ते तळाला राही. घाई केली तर काय होईल, असे मी त्याला एकदा विचारले होते. त्याने उत्तर दिले नाही, फक्त परात थांबवली, बोटाने तळातला एक चमकता कण दाखवला आणि परत फिरवू लागला.

पांढऱ्या पेशी वेचण्याच्या इतर रीतीही आहेत. ईडीटीएतले, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या गोठू न देणाऱ्या द्रव्यातले रक्त तसेच फिरवले की खाली तांबड्या, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये कागदाएवढा पातळ पांढुरका थर येतो, तो बफी कोट. मोठ्या नमुन्यात तो पिपेटने उचलता येतो, अर्ध्या मिलिलिटरमध्ये तो डोळ्यांना धड दिसतही नाही. फिकॉल नावाच्या द्रवावर रक्त हळूच चढवले तर 1.077 या घनतेच्या सीमेवर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तरंगत राहतात, पण न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी तांबड्यांबरोबर बुडतात, आणि थोडे असताना त्यातलेही बुडू देणे परवडत नाही. म्हणून लहान मुलांसाठी मी नवसागराकडेच परतते.

त्या आजींच्या नातवाची नळी मी त्या दिवशी एकटीच घेऊन बसले, रांगेतल्या बाकीच्या नळ्या दुपारवर ढकलून. दोन मिलिलिटरच्या छोट्या नळीत रक्त उतरवले, मूळ नळी थोड्या द्रवाने विसळून तेही त्यात घेतले. बर्फात दहा मिनिटे. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी ठेवताना तिच्या झाकणाचा सांधा बाहेरच्या बाजूला ठेवला, म्हणजे पेलेट त्याच बाजूच्या तळाला बसतो, आणि त्या जागी बाहेरून पेनाने एक ठिपका काढला. बारा वर्षांत असा ठिपका काढल्यावाचून मी एकही नळी फिरवलेली नाही. वरचा द्रव ओतला नाही. पिपेटचे टोक समोरच्या भिंतीला टेकवून, श्वास धरून, थोडा थोडा ओढून घेतला आणि शेवटचे पन्नास मायक्रोलिटर तसेच राहू दिले. पुन्हा धुतले. पेलेट दुसऱ्यांदा अधिक पांढरा आला. मग साबणासारखा एसडीएस, प्रथिने पचवणारे प्रोटीनेज के, आणि 56 अंशांवर रात्रभर ऊब. दुसऱ्या दिवशी दाट मिठाच्या पाण्याने प्रथिने खाली बसवली, वरचा स्वच्छ भाग नव्या नळीत घेतला आणि त्यावर थंड अल्कोहोल सोडून नळी आडवी करून सावकाश झुलवली. दोन द्रव मिसळतात तिथे आधी धूसर लहरी उठतात, उन्हात तापलेल्या रस्त्यावर दिसतात तशा, आणि मग त्या लहरींतून एक धागा निघतो. विश्वामित्रीला पूर आलेल्या 2024 च्या ऑगस्टमध्ये वीज गेली तेव्हा असे कितीतरी धागे मी बर्फाच्या डब्यात घालून जिन्यावरून वर नेले होते; अंधारात त्या नळ्यांवरचे क्रमांक मोबाइलच्या उजेडात मोजताना मला पहिल्यांदा जाणवले होते की त्यांतला प्रत्येक क्रमांक म्हणजे कोणाच्या तरी हातावरची एक सुई आहे. या बाळाचा धागा केसाहून बारीक होता. मोजला तेव्हा चौदा मायक्रोग्रॅम निघाला, शुद्धतेचे गुणोत्तर 1.8.

तपासणीत जे निघाले ते निघायला नको होते. जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनताना गाळल्या जाणाऱ्या तुकड्यात, पाचव्या जागी जी या अक्षराऐवजी सी, आणि तेही दोन्ही प्रतींत. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा बदल हाच आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, दोघेही वरवर निरोगी. धागा चांगला निघाल्याचा आनंद आणि त्यावर हे वाचल्याचे दुःख एकाच दुपारी मनात होते आणि दोहोंपैकी एकाने दुसऱ्याला बाजूला सारले नाही.

पंधरा दिवसांनी मुलगा आणि सून स्वतःचे नमुने द्यायला आले तेव्हा आजीही बरोबर होत्या. अहवालाबद्दल डॉक्टर त्यांच्याशी बोलले होते. बाळ आजींच्या खांद्यावर झोपले होते, रक्त चढवल्यामुळे गालांवर रंग होता. त्यांनी मला एकच विचारले, "याला परत टोचावं नाही ना लागणार?" मी म्हणाले, "आमच्या तपासणीसाठी नाही, आजी. त्याचं उरलंय अजून, पुष्कळ." हे सांगताना मला ठाऊक होते की त्याला दर तीन-चार आठवड्यांनी सुई लागणार आहे, रक्तासाठी, आणि त्या सगळ्या सुयांच्या हिशेबात मी वाचवलेली एक सुई कुठे दिसणारही नाही. त्यांनाही ते ठाऊक असावे. तरी त्यांनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तेवढं तरी वाचलं."

जुन्या नोंदवहीतली ती ओळ मला बदलता येणार नाही. ती वही माझ्याकडे नाही आणि ते बाळ कुठे आहे हेही मला माहीत नाही. माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीकडून परवा एक नळी सांडली तेव्हा मात्र मी वहीत तिला "हाताळताना गेला" असे लिहायला सांगितले आणि खाली माझी सही केली. पालकांना फोनही मीच केला. ते रागावले, आणि ते रागावणे मी पूर्ण ऐकून घेतले.

निघताना आजींनी विचारले की ते उरलेले त्यांना बघता येईल का. मी फ्रीजरमधून नळी काढली आणि बर्फाच्या डब्यासकट त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ निरखून पाहिले. "ह्यात तर काहीच दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "आहे, आजी," मी म्हणाले. नळी परत बर्फात ठेवली आणि झाकण नीट बसले आहे की नाही ते अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून पाहिले.